दोनदा मारायचा ब्रेक

आमच्या किनारपट्टीवर हँडब्रेक कोणी ओढत नाही. अर्नाळ्यापासून भुईगावापर्यंत कुठल्याही गल्लीत बघा, उभ्या टेम्पोच्या मागच्या चाकाला एक दगड लावलेला असणार. दगड नसला तर विटेचा तुकडा, तोही नसला तर माडाचा ओंडका. मुंबईहून येऊन इथे फ्लॅट घेतलेली मंडळी हे पाहून हसतात. गाडी घेतली तरी यांची बैलगाडी काही सुटत नाही, असं एकाने माझ्या तोंडावर म्हटलं होतं. मी स्वतः आता बिल्डिंगमध्ये राहतो, टँकरच्या पाण्याने आंघोळ करतो, पण जन्म वाडीतला असल्यामुळे असलं काही ऐकलं की माझं डोकं सणकतं. मी त्या गृहस्थाला सुनावलं, की दगड लावायलाही अक्कल लागते आणि ती अक्कल आम्हाला मार्सेलने दिली आहे.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता तो तोरा राहिलेला नाही.

मार्सेलचं गॅरेज भुईगावच्या रस्त्याला, एका जुन्या चिंचेच्या सावलीत होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. माणूस वाळल्या बोंबलासारखा सुकलेला, पण हातात ताकद अशी, की गंजून बसलेला नट त्याने पाना लावला की मुकाट सुटायचा. अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून आला होता. घरात बायकोशी, म्हणजे बेटीशी, त्यांच्या कुपारी बोलीत बोलायचा, ती आम्हाला अर्धी कळायची. आमच्याशी बोलताना आमच्यासारखं बोलायचा. दारू घ्यायचा नाही, पत्ते खेळायचा नाही, रविवारी चर्चला जायचा. त्याला एकच व्यसन होतं. कोणी म्हटलं, "मार्सेल, तू होता म्हणून गाडी चालली," की त्याचा चेहरा फुलायचा. आणि दुरुस्त केलेली गाडी तीच तक्रार घेऊन परत आली की तो इतका खचायचा, की बघणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं व्हावं. मालक राहायचा बाजूला, हाच जेवायचा नाही. बेटी मग आम्हाला बोल लावायची, "कशाला आणता रे त्याच्याकडं? दोन दिवस माझं घर सुतकात."

दगडाची गोष्ट अशी. अर्नाळ्याचे मासळीचे टेम्पो बर्फ भरून निघायचे. बर्फ वितळला की मासळीचं खारं पाणी फळ्यांच्या फटींतून थेट मागच्या चाकांवर गळायचं. मागच्या चाकात लोखंडी ड्रम असतो आणि त्याच्या आत दोन अर्धगोल ब्रेक-शू. ब्रेक दाबला की शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात, त्याने चाक थांबतं. हँडब्रेक ओढला तरी तेच होतं, फक्त ते शू तसेच चिकटून राहतात. वादळाची सूचना आली आणि होड्या किनाऱ्याला लागल्या की टेम्पो दोन-चार दिवस हँडब्रेकवर उभे. मग निघायच्या वेळी चाक हलायचं नाही. खाऱ्या पाण्याने शू ड्रमला गंजून बसलेले. जोर करून गाडी काढली की शूवर चिकटवलेला लायनर फाटून हातात. ड्रायव्हर मालकाला शिव्या द्यायचे, मालक ड्रायव्हरला. मार्सेलने ते ड्रम एकामागून एक खोलले, गंजाचा रंग बघितला, आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "हँडब्रेक ओढू नका. दगड लावा." त्या दिवसापासून अर्नाळ्यात चाकं चिकटायची थांबली.

मग काय, दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मासळीच्या टेम्पोवाल्यांचं बघून भाजीवाले दगड लावायला लागले, त्यांचं बघून रेतीवाले. ज्यांच्या गाडीने जन्मात बर्फ पाहिला नाही तेही. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात लोक मार्सेलला हटकून विचारायचे आणि तो पांढऱ्या सदऱ्यात उभा राहून समजावून सांगायचा, की हवाच खारी आहे, हँडब्रेकला हात लावू नका. त्याचं बरोबरच होतं. म्हणजे मासळीच्या टेम्पोपुरतं बरोबर होतं.

श्रीरंग माझे भावोजी. माझ्या थोरल्या बहिणीचा, यमुनाचा नवरा. भुईगावात त्यांची केळीची वाडी, मधून वांगी, थोडी पानवेल. मार्सेल आणि ते एका शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे त्यांच्यात अहोजाहो नव्हतं. नाताळला बेटी तळलेले गोड फुगे पाठवायची आणि दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा. भावोजी स्वभावाने भिडस्त. कोणी पैसे बुडवले तरी मागायचे नाहीत, कोणी चुकीचं माप दिलं तरी "असू दे" म्हणायचे. यमुनाताई चिडून म्हणायची, "भीड ही भिकेची बहीण असते हो." ते हसायचे आणि परत तेच करायचे.

चौऱ्याण्णवच्या सुमाराला भावोजींनी एक जुनी पिकअप घेतली. जपानी नमुन्यावर आपल्याकडे निघालेली, कुठल्या तरी दूधवाल्याने वापरून सोडलेली. स्वतःची केळी, शेजाऱ्यांची भाजी भरायची आणि पहाटे हायवेने मुंबईकडे निघायचं. गाडी आली त्या दिवशी मार्सेलने तिला नारळ फोडला. भावोजींनी हँडब्रेकची मूठ धरून विचारलं, "हा चालतो का?" मार्सेलने त्यांच्या हातावर चापट मारली. "त्याला हात नाय लावायचा. तुझ्या वाडीपासून समिंदर किती लांब आहे?" भावोजींनी हात काढला. त्यानंतर त्या मुठीवर ते आपला गमछा वाळत घालायचे.

काही महिने गाडी गुणी बाळासारखी चालली. मग ब्रेकचं पायडल खाली जायला लागलं. म्हणजे असं, की दाबलं तर जवळजवळ पत्र्याला टेकायचं आणि गाडी नुसती रेंगाळायची. सोडून लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं आणि ब्रेक चांगला लागायचा. जुन्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना ही खोड ठाऊक असते, त्यांचे पाय आपोआप दोनदा पडतात. पण मार्सेलला अशी गाडी बघवायची नाही.

पहिल्यांदा त्याने नळ्यांमधली हवा काढली. हवा काढायची म्हणून मागचे ड्रमही खोलून पुसले आणि शू परत बसवले. पायडल वर आलं, कडक झालं. भावोजी खूश, मार्सेल त्याहून खूश. दोनेक महिन्यांनी पायडल पुन्हा खाली. या वेळी त्याने पुढच्या, ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मोठ्या सिलिंडरातले रबर बदलले आणि जाता जाता ड्रम बघितले. पुन्हा कडक. पुन्हा खाली. मग चाकातले छोटे सिलिंडर. मग नळ्याच नव्या. मग ब्रेक-ऑइलमध्ये पाणी गेलं असेल म्हणून सगळं तेल. दर वेळी गाडी बरी व्हायची आणि दर वेळी ते दुखणं परत यायचं. मी स्कूटर घेऊन त्याच्याकडे जायचो तेव्हा ती पिकअप खड्ड्यावर उभी दिसली की मला हसू यायचं. मी एकदा म्हटलंही, "काय मार्सेलभाऊ, भावोजींनी गाडी तुम्हाला दत्तक दिली का?" तो हसला नाही. हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "देवेंद्र, मला काय तरी दिसत नाय. समोर आहे, पन दिसत नाय."

समोरच होतं. ड्रममधल्या दोन शूंच्या मध्ये एक दात्यांचं चाक असतं, आपल्या घड्याळात असतं तसं, पण बोटाएवढं जाड. लायनर घासून झिजला की शू आणि ड्रम यांच्यात फट वाढते. फट वाढली की शूला लांब जावं लागतं, म्हणून पायडल खाली जातं. ते दात्यांचं चाक फिरवलं की फट मिटते. मार्सेल ड्रम खोलायचा तेव्हा परत बसवताना हे चाक बोटाने फिरवून फट बरोबर करून ठेवायचा. ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं, त्याकडे त्याचं लक्षही नसायचं. आणि गाडी बरी व्हायची ती त्या बोटाने. रबर, नळ्या, तेल यांचा काही संबंध नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. पण रेडा दर वेळी उठून उभा राहायचा, त्यामुळे पखालीचं औषध लागू पडलं असंच त्या बिचाऱ्याला वाटायचं.

हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत, वालीवच्या पुढे हायवेला, भावोजींची भरलेली पिकअप समोर थांबलेल्या ट्रकमध्ये घुसली. निघायला उशीर झाला होता, दिवस चांगला वर आला होता, धुकं नव्हतं, रस्ता सरळ होता. भावोजी जागच्या जागी गेले.

रस्त्यावर टायर घासल्याची खूण ट्रकच्या अगदी जवळ, हातभर. पोलिसांनी ती पाहिली आणि ठरवून टाकलं, की ड्रायव्हरचा डोळा लागला होता, शेवटच्या क्षणी जाग आली. गावाने त्यात आपली भर घातली. पहाटे उठणारा माणूस, पेंगणारच. कोणी तरी म्हणालं, घेतली असेल. ज्यांनी भावोजींच्या गाडीतून वर्षानुवर्षं फुकट टोपल्या नेल्या त्यांच्यातच हे बोलणारे होते. मला त्यांचे गळे धरावेसे वाटायचे. पण आतून मलाही वाटत होतं, की डोळाच लागला असणार, दुसरं काय.

यमुनाताई रडली नाही. तिला एकच गोष्ट पटत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विचारायची, "कोंबडं आरवायच्या आधी उठणारा मानूस सकाळच्या उन्हात कसा झोपेल?" लोक म्हणायचे, नशीब. पुढचा माणूस आला की ती पुन्हा तेच विचारायची. दिवस झाले, महिना झाला, तिचा प्रश्न तसाच. शेवटी लोक तिच्या अंगणातून जाणं टाळायला लागले.

पिकअपचा सांगाडा पोलिसांनी सोडल्यावर ओढून मार्सेलच्या गॅरेजमागे आणून टाकला. पुढचा भाग चेपून गेला होता, मागचा जसाच्या तसा होता. मार्सेल कित्येक दिवस त्याच्याकडे गेला नाही. प्रेताला त्याने खांदा दिला होता, आमच्या स्मशानात लाकडं रचायला हात लावला होता, पण त्या सांगाड्याला हात लावायला तो धजत नव्हता. मग एक दिवस गेला आणि मागचे ड्रम खोलले.

पुढे काय झालं ते त्याने मला नंतर, त्याच जागी बसून दाखवलं. मी पंक्चर काढायला गेलो होतो. त्याने माझ्या स्कूटरकडे पाहिलंही नाही, मनगट धरून मला मागे नेलं.

"बघ. लायनर जाड आहे. सिलिंडर कोरडा आहे, कुठं गळत नाय. गंज नाय. सगळं चांगलं आहे."

"मग?"

"फट बघ."

शू आणि ड्रममध्ये मोठी फट होती. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती मलाही दिसली. मार्सेल सांगाड्याखाली वाकला आणि हँडब्रेकची तार पकडीत धरून ओढली. ड्रमच्या आतून आवाज आला, टिक. दात्यांचं चाक एक दाता पुढे सरकलं. त्याने तार सोडली, पुन्हा ओढली. टिक.

"ऐकलास?" तो म्हणाला.

मला कळलं नाही. त्याने मला समजावून सांगितलं, शांतपणे, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. या गाडीत ती फट आपोआप मिटायची सोय होती. पण ती पायाच्या ब्रेकवर नव्हती, हँडब्रेकवर होती. हँडब्रेक ओढला की एक दाता. रोज गाडी उभी करताना ओढला असता तर फट कधी वाढलीच नसती. ते चाक पुढे ढकलणारी बारीक पट्टी त्याने शंभरदा पाहिली होती. ती पायडलबरोबर हलत असणार, असं तो धरून चालला होता. अंधेरीला शिकला त्या गाड्यांत असं काही नव्हतं.

"आणि हँडब्रेक ओढून बघितला असता," तो म्हणाला, "तर मूठ पार वर आली असती. तेवढ्यानंच कळलं असतं, मागं फट आहे. कुठलाही मेकॅनिक पहिलं तेच बघतो. मी नाय बघितलं. कारन हँडब्रेक ओढायचा नाय, हे मीच सांगितलेलं."

त्याने पुन्हा तार ओढली. टिक. मी त्याचा हात धरला आणि पकड काढून घेतली.

"तो झोपला नव्हता, देवेंद्र. त्यानं पाय मारला. पहिला खाली गेला. दुसरा मारला तेव्हा लागला, पन ट्रक जवळ आला होता. रस्त्यावरची ती हातभर घासल्याची खून दुसऱ्या पायाची आहे."

खोटं कशाला सांगू, मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माझा हात उठलाही असेल. मग मी त्याच्याकडे पाहिलं. गालफडं आत गेलेली, दाढी वाढलेली, डोळ्यांत पाणी नाही, काहीच नाही. असल्या माणसाला मारून माझं काय भलं होणार होतं? मी विचारलं, "ताईला सांगितलंत?"

त्याने मान हलवली. नाही.

बेटीने त्याला शपथ घातली होती. तिचं म्हणणं मी तिच्याच तोंडून ऐकलं. ती गॅरेजशेजारच्या आपल्या घराच्या ओट्यावर येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "मेलेला मानूस येनार आहे का परत? हे बाहेर गेलं तर उद्यापासून एक गाडी दारात येनार नाय. मार्सेलनं मारला, असं बोलतील. मग आमी काय खायाचं?" मला तिचाही राग आला. पण तिचं बोलणं चुकीचं आहे असं मला सांगता येईना. ती पुढे म्हणाली, "आनि असंबी तो जेवत नाय. तुमाला वाटतं लपवलं म्हनून सुखात आहे?"

मार्सेल फादरकडे जाऊन आला होता. फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, जाणूनबुजून केलं नाहीस तर पाप कसलं? माफी मिळाली, प्रार्थना सांगितली. मार्सेल तिथून जास्तच खचून परत आला. त्याला माफी नको होती. कोणी तरी त्याला एकदा नीट बोल लावावा, एवढंच त्याला हवं होतं, आणि कोणी लावत नव्हतं.

मग त्याने दुसरा मार्ग धरला. कारण न सांगता सल्ला फिरवायचा. चर्चच्या आवारात, नाक्यावर, दारात येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायला लागला, "हँडब्रेक ओढत जा. रोज ओढा." लोक चकित. "अरे, तूच बोलला ना, ओढू नको?" तो म्हणायचा, "काही गाड्यांत ओढायला लागतो." कुठल्या गाड्यांत, का, हे विचारलं की विषय बदलायचा. खरं कारण सांगायचं तर श्रीरंगचं नाव घ्यावं लागलं असतं. अर्नाळ्याच्या एका टेम्पोवाल्याने, रॉबर्टने, त्याचं ऐकलं. पावसात गाडी हँडब्रेकवर ठेवली. व्हायचं तेच झालं, चाकं चिकटली, ऐन लिलावाच्या दिवशी मासळी दारात सडली. रॉबर्टने भर रस्त्यात मार्सेलची आईबहीण काढली. मार्सेल मान खाली घालून ऐकत राहिला. बहुधा त्याला बरंच वाटलं असेल, पण शिव्या चुकीच्या कारणासाठी मिळत होत्या. त्यानंतर लोक म्हणायला लागले, मित्र गेल्यापासून मार्सेलचं डोकं फिरलंय. चुकत होता तेव्हा सगळा गाव त्याचं ऐकत होता. आता तो खरं सांगत होता तर पोरंसोरं त्याला बघून डोक्याशी बोट फिरवायची. दगड चाकांखाली होते तसेच राहिले.

पाऊस उघडल्यावर तो माझ्या बिल्डिंगच्या खाली येऊन उभा राहिला. वर यायला तयार नाही. म्हणाला, "मी वयनीला सांगतो. तू संगती चल. एकट्याचे पाय उचलत नायत."

"आणि बेटीबाय?"

"तिला सांगितलं. ती रडते आहे. रडू दे."

आम्ही दुपारी गेलो. यमुनाताई वाडीतल्या पडवीत बसून केळीची पानं कापत होती. तिने मार्सेलला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. "या मार्सेलभाऊ. किती दिवसांनी." तिने पाट सरकवला. तो पाटावर बसला नाही, खाली मातीत बसला.

त्याने सगळं सांगितलं. कुठेही आडपडदा ठेवला नाही. फट, दाते, तार, मूठ, आणि आपण तिच्या नवऱ्याच्या हातावर मारलेली चापट. मध्येच थांबला की मला वाटायचं संपलं, पण तो पुन्हा सुरू करायचा, स्वतःच्या विरुद्ध आणखी काही आठवायचं ते सांगायचा. ताई पानं कापत होती. मग तिचा हात थांबला.

"म्हंजे ते झोपले नव्हते."

"नाय, वयनी."

"प्यायले पन नव्हते."

"वयनी, त्यानं दोनदा पाय मारलाय. जागा होता. शेवटपर्यंत गाडी वाचवत होता."

आणि ताई रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. कोयता बाजूला ठेवून, दोन्ही हात तोंडावर घेऊन, लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. मला वाटलं, बरं झालं आलो. मार्सेल तसाच मान खाली घालून बसला होता. तो वाट बघत होता. आता ही आपल्याला बोलेल, तळतळाट देईल, दारातून हाकलेल. तेवढ्यासाठीच तर तो आला होता. शेवटी त्यानेच हात जोडले.

"वयनी, मला काय तरी बोला. शिव्या द्या."

ताईने पदराने तोंड पुसलं. तिच्या आवाजात राग नव्हता. मी शपथेवर सांगतो, तिला त्याला दुखवायचं नव्हतं. आठवलं ते तिने सांगितलं, बस.

"त्या दिवशी निघताना मला बोलले, पायडल परत खाली जातंय. मी बोलले, मग आधी मार्सेलभाऊंकडं दाखवा, माल उद्या जाईल. तर बोलले, नको. दिवाळीनंतरच त्यानं दिवसभर खड्ड्यात बसून ब्रेक खोललाय. आता परत नेली तर त्याचं तोंड बघवत नाय मला. घरात जेवत नाय तो. दोनदा मारला का लागतो, घेईन चालवून."

मग म्हणाली, "तुमची लई भीड होती त्यांना."

मार्सेलचे जोडलेले हात तसेच राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही तरी सांगून हे खोटं ठरवणार होतो. मी भावोजींना ओळखत होतो. ते असंच म्हणाले असणार.

ताई त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली. तो उठला आणि केळींमधून फाटकाकडे चालायला लागला. मी हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही. ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि विचारलं, "गेले?" मी म्हटलं, गेले. ती तांब्या हातात धरून उभी राहिली. फाटकाशी तो कडी काढायला थांबला होता. साधी लाकडी कडी, पोरंही उघडतात. कुठलाही गंजलेला नट सोडवणाऱ्या त्या माणसाला ती उघडता येत नव्हती.